पासिंग सपाटीवर, कसोटी आंबा घाटात

घासलेल्या ब्रेकची गाडी पासिंगला पास होऊ शकते. त्यासाठी निरीक्षकाने डोळेझाक करावी लागत नाही आणि एजंटालाही मध्ये पडावं लागत नाही. दोष द्यायचाच तर घर्षणाच्या नियमाला द्यावा लागेल.

गिलोम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 मध्ये मांडलेला तो नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. दोन वस्तू एकमेकींवर किती जोराने दाबल्या आहेत आणि त्या कशाच्या बनल्या आहेत, यावर घर्षण ठरतं. जाडीचा त्यात कुठे उल्लेखच नाही. कारच्या नव्या ब्रेक पॅडवर साधारण 10 मिलिमीटरचा थर असतो. तो झिजून 2 मिलिमीटर उरला, तरी थंड असताना डिस्कला जवळपास तितक्याच ताकदीने धरतो. पायालाही फरक कळत नाही, कारण पॅड जितका झिजतो तितका कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि मागची जागा ब्रेक ऑइल भरून काढतं. म्हणूनच टाकीतली ऑइलची पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली दिसली की बरेच जण वरून ऑइल ओततात आणि निश्चिंत होतात. खरं तर गळती नसेल, तर ती पातळी पॅड झिजल्याचं सांगत असते.

अनेक पॅडना धातूची एक पट्टी बसवलेली असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून किंचाळते. हे सुंदर साधन आहे, मात्र काचा बंद करून गाणी लावणाऱ्यांसाठी ते बनवलेलं नाही.

आता पासिंगचं पाहू. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. महाराष्ट्रात या तपासणीवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली. प्रत्येक आरटीओकडे ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक हवा, असा आग्रह न्यायालयाने धरला. 2017 च्या अखेरीस ट्रॅक नसलेल्या ठिकाणी फिटनेसचं काम थांबलंही होतं. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम 2021 मध्ये आले. तिथे चाकं रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो आणि डाव्या-उजव्यात किती फरक आहे, हे यंत्रच मोजतं. डोळ्यांनी पाहून शिक्का मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पांढऱ्या पाटीच्या खासगी कारचं काय? तिची नोंदणी 15 वर्षांची. म्हणजे रत्नागिरीची, एमएच-08 ची एखादी घरगुती कार पंधरा वर्षं घाटात चढ-उतार करत राहते आणि तेवढ्या काळात सरकारी नियमाने तिचे ब्रेक कुणी पाहायचे नसतात. धुराची पीयूसी मात्र वेळच्या वेळी लागते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी आणि जपानमध्ये आधी तीन, मग दर दोन वर्षांनी खासगी गाडीही तपासायला न्यावी लागते. आपल्याकडे ही जबाबदारी मालकाच्या भरवशावर सोडली आहे. मला हे धाडसाचं वाटतं, आणि कोकणात तर फारच.

कारण ट्रॅकवर ब्रेकला जे करावं लागतं ते घाटात करावं लागतं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. माणसं आणि सामान धरून गाडी दीड टनाची समजा. ती ट्रॅकवर ताशी 40 किलोमीटरवरून थांबवली, तर तिच्या गतीची सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. चार चाकांच्या डिस्क-ड्रमचं लोखंड 25 किलो धरलं, तर ते आठेक अंशांनी तापेल. हात लावला तरी कळायचं नाही.

हीच गाडी कोल्हापूरहून येताना आंबा गाव सोडून साखरप्याकडे उतरायला लागते. हिशेबासाठी उतार 500 मीटर उंचीचा धरू. वेग वाढू न देता तेवढं उतरायचं, तर सुमारे 73 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 80 वरून गाडी वीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकं हे काम आहे. एवढ्या उष्णतेत आंघोळीची मोठी बादली भरून पाणी उकळेल. ही सगळी त्या 25 किलो लोखंडातच अडकली, तर ते सहाशे अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, पण सतत पेडल दाबून उतरणाऱ्या गाडीच्या पुढच्या डिस्क दोन-तीनशे अंशांना सहज पोचतात. उतारावर गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे मुख्य मार पुढच्या ब्रेकनाच बसतो.

इथे ती जाडी एकदम महत्त्वाची होते. पॅडचं मिश्रण राळेने बांधलेलं असतं आणि उष्णता वाहून नेण्यात ते मंद असतं. तापलेली डिस्क आणि पिस्टनमागचं ऑइल यांच्यामध्ये तीच काय ती भिंत. अशा थरातून उष्णता पलीकडे पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थर 10 वरून 2 मिलिमीटरवर आला, म्हणजे पाचपट पातळ झाला, की तो वेळ ढोबळमानाने पंचवीसपट कमी होतो. नव्या पॅडने जी उष्णता घाट संपेपर्यंत अडवून धरली असती, ती आता दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच ऑइलपर्यंत जाते.

आणि ते ऑइल कोकणातलं असतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून तो हळूहळू आत शिरतो. डॉट-3 प्रतीचं ताजं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा 140 वर येते. डॉट-4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्राची दमट हवा असते. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. इथे तरी ती मुदत ताणू नये.

ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते. पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी मात्र चालतच राहते. ‘ब्रेक फेल’ म्हणून पेपरात जे छापून येतं, त्यातले काही प्रकार असे असतात. गाडी गॅरेजला ओढून नेईपर्यंत ऑइल थंड झालेलं असतं आणि पेडल पुन्हा घट्ट लागतं. मेकॅनिक बुचकळ्यात पडतो.

घाट उतरून लगेच चहाला थांबण्यातही एक धोका आहे. गाडी थांबली की वारा थांबतो, पण डिस्कमधली उष्णता पिस्टनकडे झिरपतच राहते. त्यामुळे ऑइलचं तापमान थांबल्यानंतर काही मिनिटं चढू शकतं. उतार संपल्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर ब्रेक न वापरता सपाटीवर चालवून मग थांबलेलं चांगलं.

खारी हवा तिचं वेगळंच काम करत असते. रत्नागिरीत मिऱ्या, भाट्ये, मांडवीच्या बाजूला रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. त्याला घाबरू नये, चार-सहा ब्रेकमध्ये तो पुसला जातो. काळजीची जागा आत आहे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या, की एकच पॅड घासत राहतो आणि दुसरा नवाच्या नवा राहतो. बाहेरून वाकून पाहणाऱ्याला बरेचदा तो नवाच दिसतो. शिमग्याला आलेल्या चाकरमान्याने गावच्या घरी हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी गणपतीत सुरू केली, तर मागच्या ड्रममध्ये लायनिंग चिकटून बसलेलं असण्याची दाट शक्यता. सपाट अंगणात गिअरमध्ये ठेवून चाकाला चिरा लावला, तर ते टळतं.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. पदार्थविज्ञानाला हे शंभर टक्के मान्य आहे. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवतात आणि उताराची बरीच ऊर्जा इंजिनातून बाहेर जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली, तर ती सगळी ब्रेकवर येते. त्यात इंजिनही बंद केलं, तर ब्रेकला मिळणारी बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपते.

तरीही पेडल खाली गेलंच, तर ते झपाझप पंप करावं. बुडबुडे दाबले जाऊन थोडा जोर परत मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढावा. त्याची तार ऑइलवर अवलंबून नसते. नवीन गाड्यांत बटणाचा हँडब्रेक असतो, तिथे ते बटण धरून ठेवावं लागतं. एवढ्यानेही वेग आटोक्यात आला नाही, तर दरीकडची बाजू सोडावी आणि चाक डोंगराकडच्या गटारात घालावं. पत्रा चेपेल, एक्सल वाकेल, ते साखरप्यात नाही तर रत्नागिरीत दुरुस्त होतं.