पैठण पाहिले, पोथी कळली

गोदावरीच्या काठी पैठण नावाचे गाव आहे. छत्रपती संभाजीनगरहून एस.टी.ने निघाले, की सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण येते.

पैठणचे नाव तुमच्या कानावर आलेच असेल. कुणी म्हणेल, पैठणी तिथलीच. कुणी म्हणेल, नाथषष्ठीची यात्रा तिथेच भरते. दोन्ही खरे. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. आपण रोज बोलतो ती भाषा पोथीत मानाने बसली. त्यात पैठणच्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

कॉलेजात मराठी शिकणारी एक शेतकऱ्याची मुलगी हेच समजून घ्यायला दोन दिवस पैठणला गेली. चला, तिच्यासंगं आपणही फिरून येऊ.

पहिला दिवस : राजाचे पैठण

पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपूर्वी ही सातवाहन राजांची राजधानी होती. त्या काळी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका पुस्तकात पैठणचे नाव सापडते. इथला माल गाड्यांत भरून भडोच बंदराला नेत. वाट थोडीथोडकी नव्हे, वीस दिवसांची! तिथून माल जहाजाने परदेशी जाई.

सातवाहनांच्या घराण्यात हाल नावाचा राजा झाला. ‘गाथासप्तशती’ हे पुस्तक त्याच्या नावावर आहे. सप्तशती म्हणजे सातशे. छोट्या छोट्या सातशे कविता त्यात आहेत. भाषा कोणती? संस्कृत नव्हे. महाराष्ट्री प्राकृत. आपल्या मराठीची ती पणजीच म्हणा ना!

आणि त्या कवितांत कोण आहे? नांगर धरणारा शेतकरी आहे. त्याची घरधनीण आहे. पीक राखणारी पोर आहे. पाऊस आहे, गोदावरी आहे. मुलीला नवल वाटले. पुस्तक राजाच्या नावाचे, पण त्यातली माणसे आपल्यासारखी!

संध्याकाळी ती जायकवाडीचे धरण पाहून आली. हे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला ‘नाथसागर’ म्हणतात. पाणी इतके, की पलीकडचा काठ दिसत नाही.

दुसरा दिवस : नाथांचे पैठण

सकाळी ती गावातल्या नाथांच्या वाड्यात गेली. संत एकनाथ सोळाव्या शतकात इथे राहत होते. १५९९ साली त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांची समाधी नदीच्या काठाला आहे. वाड्यात एक रांजण आहे. देवाने श्रीखंड्या होऊन त्यात पाणी भरले, अशी कथा सांगतात. आणखी एक कथा सांगतात. गोदावरीच्या तापल्या वाळूत एका अस्पृश्य घरचे लेकरू रडत होते. विटाळाचा विचार न करता नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले.

माणूस दूर लोटू नये, तसे ज्ञानही कुणापासून दूर ठेवू नये, असे नाथांना वाटे. त्या काळी मोठे ग्रंथ संस्कृतात असत. सामान्य माणसाला ते कसे कळणार? म्हणून नाथांनी भागवताचा अकरावा भाग मराठीत सांगितला. अठरा हजारांहून जास्त ओव्या लिहिल्या. काम सुरू झाले पैठणला आणि १५७३ साली पुरे झाले काशीला. विंचू, वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्यावर त्यांनी भारुडे रचली. ती आजही गावोगाव रंगतात.

नाथांचे आणखी एक काम फार मोलाचे आहे. ते नीट समजून घेऊ.

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली. तेव्हा आपल्याकडे छापखाने नव्हते. एका पोथीवरून दुसरी पोथी हाताने लिहून काढायची. लिहिताना चूक होतेच. ‘घ’ आणि ‘ध’ किती सारखे दिसतात पाहा. ‘घन’ म्हणजे ढग. एक अक्षर चुकले, की त्याचे ‘धन’ झाले! ढगाचा पैसा झाला. शिवाय कुणी मनाने चार ओव्या घुसडायचा. असे जवळजवळ तीनशे वर्षे चालले.

मग नाथांनी काय केले? जुन्या पोथ्या मिळवल्या. त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. चुकीचे काढले, बरोबर ते ठेवले. १५८४ साली शुद्ध ज्ञानेश्वरी तयार झाली. शेवटी त्यांनी बजावून ठेवले, की यात कुणी आपल्या ओव्या घालू नयेत.

वाड्यात एक म्हातारे वारकरी पोथी वाचत होते. मुलीने विचारले, “आजोबा, लहानपणापासून वाचता का हो?”

“नाही गं पोरी,” ते म्हणाले. “पन्नाशी उलटल्यावर अक्षर शिकलो. आधी नुसता ऐकत होतो. दुसरा सांगेल ते खरं. आता माझं मी बघतो.”

मंडळी, आजोबांचे बोलणे ध्यानात ठेवा. ऐकणे चांगलेच. पण ज्याला वाचता येते, त्याला पडताळून पाहता येते. पोथीचे जे, तेच सातबाऱ्याचे आणि कर्जाच्या कागदाचे. ‘एक’चे ‘अनेक’ व्हायला दोन अक्षरे पुरतात. म्हणून सही करण्याआधी कागद स्वतः वाचावा. अडले तर विचारावे. त्यात लाज कसली? पोथ्या ताडून पाहायला नाथांनीही कंटाळा केला नाही.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणची यात्रा असते. जमले तर जाऊन या. नाही जमले, तर रोज एक ओवी मोठ्याने वाचा. तेही पैठणला जाणेच आहे.