उघड्या मुठीची किंमत

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी खोपोलीजवळच्या गावातला विशीतला एक मुलगा सुजलेली मूठ घेऊन दवाखान्यात आला. "दारात सापडली," म्हणाला. मधल्या बोटाच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी जखम होती. आईला बाहेर बसवले तेव्हा खरे बोलला. मोबाइलवर हातमोजे न घालता होणाऱ्या लढती पाहून मित्राशी पैज लागली होती. जखम दाराची नव्हती, दाताची होती.

अशा लढतींत भलेभले उतरले आहेत. अमेरिकेचा पॉली मॅलिनाजी हा बॉक्सिंगमध्ये दोन वजनी गटांत जगज्जेता होता. हाताच्या दुखण्याने त्याला वर्षानुवर्षे छळले, शस्त्रक्रियाही झाल्या. तरी जून २०१९ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो उघड्या मुठीने आर्टेम लोबोव्हशी लढला आणि पाच फेऱ्यांनंतर हरला. ऑगस्ट २०२१ मध्ये जस्टिन थॉर्नटन हा खेळाडू अशाच लढतीत वीस सेकंदांच्या आत कोसळला आणि ऑक्टोबरमध्ये दगावला.

हातमोजा मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतो. मनगटासह पंजात २७ लहान हाडे असतात. कपाळाच्या जाड हाडावर ती आदळली की बहुधा करंगळीमागचे हाड मोडते. मात्र मोज्यामुळे मेंदूला बसणारा हादरा टळत नाही. डोके दोन्ही प्रकारांत धोक्यातच असते.

दाताची जखम दिसते लहान, पण आवळलेल्या मुठीत दात थेट सांध्यापर्यंत शिरतो. बोटे सरळ केली की तोंडातले जंतू आत कोंडले जातात. हळद लावून दोन दिवस काढले तर सांध्यात पू होतो.

म्हणून ध्यानात ठेवा :

* जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. अंगठी लगेच काढा.
* त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे, प्रतिजैविके, धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते. टाक्यांचा आग्रह धरू नका.
* डोक्याला मार लागून वारंवार उलट्या, गुंगी किंवा बडबड सुरू झाली, तर थेट रुग्णालय गाठा.
* जखम कशी झाली ते खरे सांगा.

त्या मुलाला पनवेलला अस्थितज्ज्ञांकडे पाठवले. सांधा उघडून धुवावा लागला. बोट वाचले, पण आजही ते पुरते मिटत नाही. आईबापांनो, मुलगा मूठ लपवत असेल तर आधी जखम पाहा, रागवा नंतर. उशिराच्या भीतीपेक्षा ओरड्याची भीती त्याला मोठी वाटत असते.