चंद्रपूरचा नगरकोट

महाराष्ट्र राज्यातील चंद्रपूर शहरास वेढणारी, गोंड राजवटीत बांधलेली दगडी तटबंदी. चंद्रपूर (जुने नाव चांदा) हे इरई व झरपट ह्या नद्यांच्या संगमाजवळ वसले असून, गोंड राजांची राजधानी म्हणून त्यास मध्ययुगात महत्त्व प्राप्त झाले. डोंगरी किल्ल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या महाराष्ट्रात संपूर्ण नगर पोटात घेणारा व बव्हंशी टिकून राहिलेला एवढा मोठा कोट क्वचितच आढळतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर ह्या कोळसा व चुना यांसाठी परिचित असलेल्या गावाकडून आग्नेयीस वर्धा नदी ओलांडून, घुगुसमार्गे चंद्रपूरला येता येते. वणी-केळापूरचा हा प्रदेश एकेकाळी चांद्याच्या गोंड राज्यातच मोडत होता. त्यामुळे ह्या वाटेने येणारा प्रवासी जिल्ह्याची सीमा ओलांडत असला, तरी जुन्या राज्याच्या परिसरातून त्याच्या राजधानीकडेच जात असतो.

इतिहास : कोटाची उभारणी खांडक्या बल्लाळशाह ह्या राजाने सुरू केली असे परंपरा सांगते. राजधानी त्यापूर्वी बल्लारपूर येथे होती. राजाच्या अंगावरील व्याधी झरपटेच्या पाण्याने बरी झाली आणि पुढे शिकारीच्या वेळी एक ससा उलट कुत्र्याचाच पाठलाग करताना त्यास दिसला. ह्या आश्चर्याचे स्थान शुभ मानून राणीच्या सल्ल्याने तेथे नगर वसविण्यात आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी दोन नद्यांनी दोन बाजूंस दिलेले नैसर्गिक संरक्षण व मुबलक पाणी ही स्थाननिवडीची कारणे स्पष्ट दिसतात. एवढे प्रचंड काम एका पिढीत होणे शक्य नव्हते. ते पुढील राजांच्या कारकीर्दींत चालू राहिले व धुंड्या रामशाहाच्या काळात पूर्णत्वास गेले, असे मानले जाते.

१७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौजेने कोटास वेढा घातला, तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पाडले आणि शहर जिंकून घेतले. तटाचा विस्तृत घेर शत्रूस दूर ठेवण्यास उपयोगी असला, तरी तेवढ्या लांबीवर पुरेसे सैन्य उभे करणे सोपे नव्हते. शिवाय जाड दगडी भिंतीवर अवलंबून राहण्याचे दिवस तोफखान्याने संपविले होते. १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर चांदाही इंग्रजी अमलाखाली आला.

रचना : तट घडीव दगडांचा असून त्याची उंची सु. ४.५ ते ६ मी. आहे. त्याचा परीघ जुन्या इंग्रजी नोंदींत साडेपाच मैल (सु. ९ किमी.) दिला आहे, तर अलीकडे तो सु. ११ किमी. सांगितला जातो. ठिकठिकाणी गोल बुरूज असून तटावरील फांजी, म्हणजे पहारेकऱ्यांच्या चालण्याची वाट, बरीच रुंद आहे. कोटास चार वेशी आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा. त्यांखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसाण व बगड अशा नावांच्या पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, आहेत. वेशींवर हत्तीस नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प आढळते. ते गोंड राजसत्तेचे चिन्ह होय.

कोटाच्या आत केवळ दाट वस्ती नव्हती. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत तटाच्या आत सुटी खेडी व पिकाखालील शेते असल्याचा उल्लेख येतो. रामाळा तलावही तटाच्या आतच आहे. वेढा पडल्यास अन्न व पाणी हाताशी असावे, हा ह्या ऐसपैस आखणीचा एक लाभ होता.

प्रेक्षणीय स्थळे : उत्तरेकडून येणारा प्रवासी जटपुरा वेशीतून शहरात शिरतो आणि गांधी चौकावरून सरळ दक्षिणेस पठाणपुरा वेशीपर्यंत जाऊ शकतो. पूर्वेस अंचलेश्वराचे मंदिर व गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशाहाची भव्य समाधी त्याची राणी हिराई हिने बांधविली. त्याच बाजूस वेशीबाहेर झरपटेच्या काठी महाकालीचे मंदिर असून तेथील चैत्री यात्रेस मराठवाडा व तेलंगणातूनही भाविक येतात. गोंडकालीन राजवाड्याच्या जागी पुढे तुरुंग झाला. ह्याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आले.

जतन व तौलनिक महत्त्व : यूरोपातील बहुतेक नगरांचे कोट एकोणिसाव्या शतकात वाढत्या वस्तीस जागा करून देण्यासाठी पाडण्यात आले. जर्मनीतील रोथेनबुर्ग ह्या नगराचा कोट वाचला, तो तीस वर्षांच्या युद्धानंतर नगरास आलेल्या दारिद्र्यामुळे. वाढच खुंटल्याने तट पाडण्याची गरज उरली नाही. ३१ मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात त्याचा काही भाग कोसळला. देशोदेशींच्या देणगीदारांच्या साहाय्याने तो पुन्हा उभारण्यात आला आणि त्यांची नावे तटाच्या दगडांवर कोरण्यात आली. आज तेथील छपराखालच्या फांजीवरून लोक रोज फिरतात. नर्डलिंगेन येथील सु. २.७ किमी. लांबीच्या तटावरून तर संपूर्ण प्रदक्षिणा घालता येते.

चंद्रपूरचा कोट ह्यांहून कितीतरी मोठा आहे. परंतु त्याचे टिकणे वेगळ्या कारणाने अर्थपूर्ण ठरते. वर्धा नदीस पूर आला की इरईचे पाणी तुंबते व मागे पसरते. अशा वेळी शत्रूसाठी उभारलेला हा तट पाण्यापासून जुन्या वस्तीस आडोसा देत आला आहे. उलट, कोळसा खाणी व औद्योगिकीकरण यांमुळे तटाबाहेर नदीकाठच्या सखल भागात वाढलेल्या वस्त्यांना पुराची झळ अधिक बसते.

हा कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तथापि झुडपांची मुळे सांध्यांत शिरणे, कचरा, तटालगतची अतिक्रमणे आणि वेशींतून होणारी अवजड रहदारी यांमुळे त्याची हानी होत आली. मार्च २०१७ मध्ये इको-प्रो ह्या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी तट व बुरूज स्वच्छ करण्याचे काम श्रमदानाने हाती घेतले आणि ते शेकडो दिवस चालविले. त्यामुळे झाडोऱ्याखाली दडलेली फांजी पुन्हा चालण्याजोगी झाली व नागरिकांसाठी वारसाफेऱ्या सुरू झाल्या. कायद्याने दिलेल्या संरक्षणास नागरिकांच्या नित्य वावराची जोड मिळाली, तरच असा विस्तीर्ण कोट दीर्घकाळ टिकतो, हे रोथेनबुर्गप्रमाणे येथेही दिसून येते.