चावीची स्पॅनिश बहीण



परक्या भाषेतील एकाच शब्दावर बोलावयास उभा राहिलेला मनुष्य पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे, ती या घटकेला आपणां सर्वांच्या खिशात, पिशवीत किंवा कमरेला आहे. आपण सारे घराला कुलूप घालूनच येथे आला आहात! तेव्हा विषय परका असला तरी वस्तू घरचीच आहे.

स्पॅनिश भाषेत किल्लीला जो शब्द आहे, त्याचा जुन्या वळणाचा उच्चार 'ल्याबे'. आज बहुतेक ठिकाणी तो 'याबे' असा ऐकू येतो, आणि दूर अर्जेंटिनातील ब्यूनोस आयरेस शहरात 'शाबे' असा. या शब्दाची आई लॅटिन. रोमन लोक किल्लीला 'क्लाविस' म्हणत. पुढे लॅटिनच्या लेकी वेगवेगळ्या घरी नांदू लागल्या, तेव्हा आरंभीच्या 'क्ल'चे स्पेनमध्ये 'ल्य' झाले आणि शेजारच्या पोर्तुगालमध्ये 'च' झाले. हा काही एका शब्दाचा लहरीपणा नव्हे. 'प्ल'चीही तीच गत झाली. पावसाला लॅटिनमध्ये 'प्लुविआ' म्हणत. त्याचे स्पॅनिशमध्ये 'ल्युबिया' झाले आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये 'चुवा'.

आता पोर्तुगीज घरातील ती 'चावे' कोठे गेली, हे मी सांगावयास नकोच. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या शब्दांपैकी हा एक शब्द 'चावी' होऊन आपल्या घरात शिरला. गंमत पाहा. पोर्तुगालमध्ये आज हा शब्द सामान्यतः 'श'ने उच्चारतात. सोळाव्या शतकातला 'च' तेथे बहुतांशी लोपला. तो आपल्या चावीत मात्र शाबूत राहिला आहे. आपल्या दारावर तर दोन खंडांचे संमेलनच भरलेले असते. कुलूप आले अरबी 'कुफ्ल'पासून फारसीच्या मार्गाने, आणि ते उघडणारी चावी आली पोर्तुगालहून!

आता या स्पॅनिश बहिणीचा संसार पाहू. दाराची किल्ली हा तिचा पहिला अर्थ. मेक्सिकोत 'याबेचे पाणी' म्हणजे नळाचे पाणी, कारण तेथे तोटीलाही हाच शब्द आहे. अर्जेंटिनात दिव्याचे बटन म्हणजे 'दिव्याची याबे'. कारखान्यात कामगाराने 'याबे' मागितली तर त्याला नट फिरवावयाचा पाना हवा असतो. आणि लहानमोठा करता येणारा पाना हवा असेल तर तो 'इंग्रजी याबे' मागतो. सनईसारख्या फुंकवाद्याची भोके उघडझाप करणारी खुंटीही याबेच. घराचा कारभार पाहणाऱ्या बाईला 'याब्यांची मालकीण' म्हणतात. आपल्याकडील कमरेला जुडगा खोचलेली कर्ती स्त्री येथे सहज आठवते. कंत्राटदाराने सर्व काम पुरे करून, राहावयास जाण्याजोगे घर ताब्यात दिले की ते 'याबे हातात' या करारावर दिले असे म्हणतात.

येथवर ठीक. पण आखाड्यात मल्लाने प्रतिस्पर्ध्याचा हात पिरगाळून सांधा जखडला, की तोही डाव याबेच! कुस्तीचा आणि किल्लीचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्याने आधी आपल्या मराठीतील 'पेच'कडे पाहावे. लाकडात बसवावयाचा पेच, कुस्तीतला पेच, पतंगांचा पेच आणि मनापुढे पडलेला पेच हे सारे एकाच शब्दात आपण सुखाने नांदवतो; आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. आपल्या भाषेचा अनेकार्थीपणा अंगवळणी पडलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. दुसऱ्याचा मात्र लगेच डोळ्यांत भरतो.

गणितातील महिरपी कंस घ्या. त्या वळणदार रेघेत आपल्याला महिरप दिसली. स्पॅनिश माणसाने तिचे नाव ठेवले 'याबे'. रेघ एकच, पण पाहणारे दोन.

मग या साऱ्या अर्थांना बांधणारा धागा कोणता? माझ्या मते तो असा : लहानशी वस्तू, जी थोडी फिरवली असता मोठी गोष्ट मोकळी होते किंवा बंद होते. दार, पाणी, उजेड, नट, सूर, प्रतिस्पर्ध्याचा हात, या सर्वांना हे सूत्र लागू पडते. कोशातील क्रमांक दिलेले अर्थ पाठ करणाऱ्यास भाषा येत नाही. हे सूत्र ज्याच्या हाती आले त्यास येते.

परंतु किल्ली जिच्या हाती, सत्ता तिच्या हाती, हाही अर्थ या शब्दात पहिल्यापासून आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझ या चित्रकाराचे एक भव्य चित्र आहे. १६२५ साली ब्रेडा हे डच शहर स्पॅनिश सैन्यास शरण आले, तो प्रसंग त्यात आहे. दोन्ही बाजूंस सैनिक आणि भाले, आणि चित्राच्या बरोबर मध्यभागी एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाणारी किल्ली. हरलेला सेनापती वाकला आहे. जिंकलेल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट १४९२ सालची. त्या वर्षी २ जानेवारीस ग्रॅनडाच्या अखेरच्या मुसलमान राजाने आपले शहर राजा फर्नांडो व राणी इसाबेल यांच्या स्वाधीन केले. पुढे तीनच महिन्यांत, ३१ मार्चला, त्याच राजाराणीने ज्यू प्रजेला फर्मावले की, बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. हजारो कुटुंबे निघाली. त्यांपैकी काही उत्तर आफ्रिकेत गेली, काही तुर्की साम्राज्यातील सालोनिका, इस्तंबूल अशा शहरांत स्थिरावली. त्यांच्या वंशजांत अशी परंपरा सांगितली जाते की, निघताना काहींनी आपल्या घरांच्या किल्ल्या बरोबर घेतल्या आणि आईने लेकीला, लेकीने नातीला त्या सोपवल्या. किल्लीबरोबर त्यांनी जुनी स्पॅनिश भाषाही शतकानुशतके घरात बोलत ठेवली. २०१५ साली स्पेनने कायदा करून या वंशजांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. ती मुदत २०१९ साली संपली. म्हणजे दार उघडावयास पाच शतके लागली, आणि ते चारच वर्षे उघडे राहिले.

त्या किल्ल्यांना आता कुलपे कोठली? पण जिचे कुलूप उरले नाही अशी किल्लीही माणसे टाकून देत नाहीत. शब्दांचेही तसेच आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, 'चावी' राहिली. आज घरी परतल्यावर आपण दारात क्षणभर थांबाल, कमरेशी किंवा खिशात हात घालाल. तेव्हा हातातील त्या लहानशा वस्तूची बहीण दूर कोठेतरी नळ, दिवा, पाना आणि हरवलेले घर यांचा संसार सांभाळीत आहे, एवढे आठवले तरी माझ्या आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.