खणीत मासा आला कुठून?

मलकापुरातून मान वर केली की आगाशिवाचा डोंगर दिसतो. (मलकापूर म्हणजे आपलं कराडजवळचं, शाहूवाडीचं किंवा बुलढाण्याचं नव्हे.) दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोड्यानं या डोंगरात साठेक लेणी कोरली, आणि लेण्यांशेजारी पाण्याची टाकीही. या भागात दगड फोडायचं काम तेव्हापासूनचं. पुढं सुरुंग आले, क्रशर आले, महामार्गाला खडी लागली. खडी संपली की क्रशर उठतो. मागं राहते ती खण.

अशाच एका बंद खणीच्या काठावर मागच्या पावसाळ्यानंतर उभा होतो. तीन बाजूंना सरळ काळी कातळभिंत, चौथ्या बाजूला डंपरची जुनी उताराची वाट, थेट पाण्यात गेलेली. त्या वाटेवर एक काका गरी टाकून बसलेले. शेजारी कणकेचा गोळा, थर्माकोलचा तुकडा बांधलेली दोरी.

‘‘काय लागतंय का?’’

‘‘चिलापीच. मरळ हाय आत, पर गावत न्हाई.’’

मी चक्रावलो. खण कुठल्या नदीला जोडलेली नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी इथं कोरडा दगड होता. मग आत मासा आला कुठून?

आधी पाणी. आपला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. अखंड कातळ पाणी पीत नाही, पण त्याला चिरा असतात, दोन थरांच्या मधे कधी लाल मातीचा पट्टा असतो. विहीर खणणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय कळतं. सुरुंगानं त्या चिरा उघड्या पडतात आणि पाणी पाझरू लागतं. क्रशर चालू असेपर्यंत पंप ते उपसतो. पंप बंद झाला की दोन पावसाळ्यांत तळं. नवं पाणी निळंशार दिसतं, पण निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी: त्यात गाळ नाही, शेवाळ नाही, खायला काही नाही. वर्षं जातात, माती वाहून येते, पाणी हिरवट होतं. मग ते माशाच्या कामाचं. कोळशाच्या खाणीत गंधकामुळं पाणी आंबट होऊ शकतं. आपल्या कातळात ती भीती नाही.

आता मासा. पहिला संशयित मला फार आवडतो: आरोग्य खात्याचा माणूस. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात म्हणून तो डबाभर गप्पी मासे सोडून जातो. दुसरा रस्ता ओढ्याचा. पहिल्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट निघतात आणि पूर आलेला ओढा खणीत कोसळला तर तेही आत येतात. मरळीला तर वरची हवा घ्यावीच लागते, त्यामुळं ओल्या चिखलातून ती थोडं अंतर काटू शकते. आणि चिलापी? ही आफ्रिकेची पाहुणी भारतात १९५२ साली आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिलंही तिथंच सांभाळते. म्हणजे कुणी एकच भरल्या तोंडाची मादी खणीत टाकली तरी अख्खं खानदान आलं.

सगळ्यात अजब रस्ता मात्र आकाशातला. हंगेरीतल्या संशोधकांनी रानबदकांना सायप्रिनस नावाच्या माशाची आणि त्याच्या एका भाऊबंदाची मिळून ८,००० अंडी खाऊ घातली. विष्ठेतून १८ अंडी अखंड निघाली, त्यांतली १२ जिवंत होती, आणि तिनांतून चक्क पिलं बाहेर आली. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. ८,००० मधून ३ म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण बदकं किती आणि त्यांच्या फेऱ्या किती, याचा हिशेब करून पाहा.

खणीचं तळं होणं आपल्याकडं नवं नाही. महामार्गानं ७० किलोमीटर दक्षिणेला गेलात की कोल्हापूरचा रंकाळा. तोही मूळचा दगडाची खाण असं सांगतात. शेजारची इराणी खण तर नावातच खण घेऊन आहे. आज रंकाळ्यावर कोल्हापूरकर संध्याकाळी भेळ खायला जातो, तेव्हा आपण खाणीच्या काठावर बसलोय हे त्याच्या मनातही येत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यात हाच प्रकार अवाढव्य प्रमाणावर झाला. तिथं कोळशासाठी ‘बिग मस्की’ नावाचं यंत्र १९६९ ते १९९१ जमीन उकरत होतं. त्याच्या एका बकेटीत २२० घनयार्ड माल मावायचा. आपल्या भाषेत ५९ ब्रास, एका घासात! उकरलेल्या जमिनीवर वीज कंपनीनं झाडं लावली, खड्ड्यांत शेकडो तळी झाली, आणि फुकटचा परवाना घेऊन कुणीही तिथं तंबू ठोकावा, मासे धरावेत, हंगामात हरणाची शिकार करावी अशी मुभा दिली. पुढं त्यातली बरीच जमीन राज्यानं घेतली आणि २०१८ मध्ये तिथल्या उद्यानाला धावपटू जेसी ओवेन्सचं नाव दिलं. ऑलिम्पिकवीराचं नाव खाणीला! मलकापूरच्या शेजारच्या गोळेश्वरात, आपल्या ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधवांच्या गावात, ही कल्पना कुणाला सुचली तर माझी हरकत नाही.

शिकारीचा प्रश्न आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि १९९१ च्या दुरुस्तीनं निकालात काढला. खणीच्या कपारीतला ससाही सुरक्षित, निदान कागदावर. माशाचं तसं नाही. जमीन सातबाऱ्यावर कुणाची तरी असते, खणीची जागा पोटखराबा म्हणून पडून असते, दगडावर हक्क सरकारचा. काकांना विचारलं, इथं गरी टाकायला कुणाची परवानगी लागते? ते नुसते हसले. ओहायोतल्यासारखी एक चिठ्ठी, एक धड उतार आणि एक कठडा, एवढं तरी इथं हवं असं मला वाटतं. कारण खणीला उथळ काठच नसतो. पाऊल घसरलं की थेट पुरुषभर, दोन पुरुष पाणी. उंच भिंतींमुळं वारा आत फिरत नाही, वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी मिसळत नाही. तळाशी प्राणवायू संपतो, म्हणून मासे वरच्या थरातच फिरतात. एखाद्या गार रात्री किंवा जोराच्या पावसात थर उलटतात, आणि सकाळी पांढरी पोटं वर तरंगताना दिसतात.

थर्माकोल बुडाला. काकांनी झटका दिला. तळहाताएवढी चिलापी. त्यांनी ती पिशवीत टाकली नाही, नातवाच्या हातातल्या पाण्याच्या डब्यात सोडली.

‘‘ही कशाला?’’

‘‘रस्त्यापलीकडं नवी खण भरलीया,’’ पोरगं म्हणालं, ‘‘तिच्यात सोडनार.’’