टोपी काढण्यातला अदब

बुधवार पेठेतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. ईदला शीरखुर्मा वर जातो, नाताळला करंज्या खाली येतात. गेल्या वर्षी त्या घरातले आजोबा वारले. चर्चमध्ये प्रार्थना होती. शेजाऱ्याचा हक्क म्हणून आम्हीही गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.

माझ्या मुलीनं तुळशीबागेतून घेतलेली पांढरी ओढणी डोक्यावर घेतली होती. शेजारच्या बाकावरच्या एका वृद्ध बाईंनी प्रेमानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलानंही आठवणीनं टोपी घातली होती. मात्र एका गृहस्थांनी त्याला टोपी काढण्याची हळूच खूण केली. त्यानं ती काढली खरी, पण चेहरा पडला. घरी आल्यावर म्हणाला, "अम्मी, मी अदबीसाठीच टोपी घातली होती. ताईची ओढणी चालते, मग माझी टोपी का नाही?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना आपल्याच दीनमधली एक गोष्ट मला नव्यानं उमगली.

एकाच पत्रातले दोन नियम

ख्रिस्ती लोकांच्या या रीतीचं मूळ बायबलमधल्या एका पत्रात आहे. पौलानं इ.स. 55च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला हे पत्र लिहिलं. त्याच्या अकराव्या अध्यायात तो सांगतो की प्रार्थनेच्या वेळी स्त्रीनं डोकं झाकावं आणि पुरुषानं उघडं ठेवावं. म्हणजे मुलीची ओढणी आणि मुलाची टोपी यांचा निकाल एकाच ठिकाणी लागला होता. त्या गृहस्थांच्या लेखी उघडं डोकं हाच देवापुढचा आदर होता.

शतकानुशतकं ही रीत पाळली गेली. कॅथलिक चर्चच्या 1917 सालच्या कायद्यात ती लेखी नियम म्हणून होती. स्थानिक लोकरीत वेगळी असेल, तर पुरुषांना त्यातून सवलतही होती. 1983 साली नवा कायदा आला, त्यात हा नियम राहिला नाही. आज अनेक चर्चमध्ये स्त्रिया डोकं न झाकताही बसतात. पौलाचं सांगणं त्या काळापुरतं होतं, असं काही जण मानतात. काहींच्या मते ते आजही लागू आहे. केरळच्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबांतल्या बायका प्रार्थनेला उभ्या राहताना पदर किंवा शाल डोक्यावर ओढून घेतात. कित्येक मराठी ख्रिस्ती घरांतल्या आज्यांचंही तेच. नन्सचं झाकलेलं डोकं तर आपण रोज पाहतो. हजरत मरियम (अ.स.) यांचं चित्र ख्रिस्ती लोक काढतात, तेव्हा त्यांच्याही डोक्यावर बहुधा वस्त्र असतंच.

एका शहरात तीन रीती

आमच्या पेठेतून निघालं की गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालय लागतं, म्हणजेच पंचहौद चर्च. त्याचा उंच घंटामनोरा लांबूनही दिसतो. पुढे क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च आहे. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर 1792 साली ते उभं राहिलं. कॅम्पात यहुदी बांधवांचं सिनेगॉग आहे, त्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. चर्चमध्ये पुरुष डोकं उघडं ठेवतो, सिनेगॉगमध्ये झाकतो आणि मशिदीत आपण टोपी घालतो. तिघांच्याही मनात भावना एकच, की मी माझ्या निर्मात्यासमोर उभा आहे.

स्त्रीनं नमाजमध्ये केस झाकणं ही आपल्याकडे अट आहे. पुरुषाच्या टोपीचं तसं नाही, ती अदब मानली जाते. तरी मुलाचं समाधान होईना. "पण उघड्या डोक्यानं अदब कसा होईल?"

तेव्हा त्याचे दादाजान म्हणाले, "मी हजला गेलो होतो, तेव्हाचा माझा फोटो बघ."

फोटोत दोन पांढऱ्या चादरी आणि उघडं डोकं. इहरामच्या हालतीत पुरुषाला टोपी, पगडी, रुमाल काहीच डोक्यावर घेता येत नाही. रणरणत्या उन्हात छत्री चालते, टोपी नाही. बायकांचं डोकं मात्र तिथंही झाकलेलं असतं. जो माणूस पुण्याच्या मशिदीत टोपी घालून उभा राहतो, तोच अल्लाहच्या घरी उघड्या डोक्यानं लब्बैक म्हणत जातो. दोन्ही वेळी तो हुकूमच पाळत असतो.

मुलगा बराच वेळ फोटो पाहत राहिला.

आपण काय करावं?

आपल्यापैकी पुष्कळांना शेजारी, सहकारी किंवा मित्राच्या सुखदुःखात चर्चमध्ये जाण्याची वेळ येते. अशा वेळी आधी घरच्यांना विचारून घ्यावं. टोपी काढायची नसेल, तर बाहेर थांबून नंतर भेटावं. त्यात कुणाचाच अपमान नाही. तसंच आपल्याकडे कुणी पाहुणा उघड्या डोक्यानं आला, तर त्याला बेअदब समजू नये. त्याच्या घरी कदाचित तोच अदब असेल.

रमजानमध्ये वरच्या मजल्यावरचा मुलगा इफ्तारला आला. दारातच थबकून त्यानं विचारलं, "डोक्यावर काही घेऊ का?" माझा मुलगा म्हणाला, "तुला हवं तर घे. नाहीतर तसाच ये, खजूर तयार आहेत."