‘जास्तीत जास्त किती?’ : शब्दांत दडलेली मर्यादा

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगाराचा मुलगा नवी मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत आठवीत शिकत असेल, तर त्याच्यासाठी एक परीक्षा विशेष महत्त्वाची ठरते. केंद्र शासनाने २००८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची ही परीक्षा होय. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळू शकतात. अशा परीक्षांत एकेका गुणाचे मोल मोठे असते. आणि गुण निसटण्याची एक हमखास जागा म्हणजे ‘जास्तीत जास्त किती?’ असे विचारणारे शाब्दिक उदाहरण.

या उदाहरणांत बेरीज, भागाकार यांपलीकडचे काही नसते. तरीही हुशार मुले चुकतात, कारण ती आकडे पाहून क्रिया शोधू लागतात. ‘जास्तीत जास्त’ हा शब्द मात्र क्रिया सांगत नाही. कोठेतरी मर्यादा आहे, ती आधी शोधा, असे तो सांगतो.

मर्यादा ओलांडता येत नाही

बाजारातलेच उदाहरण घेऊ. एका टेम्पोत १,५०० किलोपर्यंत माल नेता येतो. आंब्याची एक पेटी २६ किलोची आहे. एका खेपेत जास्तीत जास्त किती पेट्या नेता येतील? भागाकार ५७.६९ येतो. जवळच्या पूर्णांकाची सवय लागलेला विद्यार्थी ५८ लिहितो. परंतु ५८ पेट्यांचे वजन १,५०८ किलो होते. उत्तर ५७ हेच बरोबर.

एकास मोठे करावयाचे, तर इतरांस लहान करावे

दुसरे उदाहरण : पाच भिन्न नैसर्गिक संख्यांची सरासरी २० आहे. त्यांपैकी सर्वांत मोठी संख्या जास्तीत जास्त किती असेल? सरासरीवरून पाचांची बेरीज १०० ठरते. ही झाली मर्यादा. एका संख्येच्या वाट्याला अधिकात अधिक यावे, तर उरलेल्या चारांनी कमीत कमी घ्यावयास हवे. भिन्न नैसर्गिक संख्यांत सर्वांत लहान चार म्हणजे १, २, ३ व ४. त्यांची बेरीज १०, म्हणून उत्तर ९०.

येथे प्रत्येक शब्द बोलका आहे. ‘भिन्न’ हा शब्द काढला, तर चारही संख्या १ घेता येतात व उत्तर ९६ होते. ‘नैसर्गिक’ऐवजी ‘पूर्ण’ म्हटले, तर शून्यही चालते. मग ०, १, २, ३ घेऊन उत्तर ९४ येते. पर्यायांमध्ये ९०, ९४ व ९६ हे तिन्ही आकडे दिलेले असले, तर घाईने वाचणारा विद्यार्थी फसलाच म्हणून समजावे.

पाठ केलेला नियम अपुरा पडतो

तिसरे उदाहरण शाळेच्या परसबागेचे. ६० मीटर तारेने आयताकृती बागेस चारही बाजूंनी कुंपण घालावयाचे आहे. क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? २० व १० मीटर बाजू घेतल्यास २०० चौरस मीटर, १५ व १५ घेतल्यास २२५ चौरस मीटर. चौरस सर्वांत मोठा, हा नियम येथे खरा ठरतो.

आता बागेची एक बाजू शाळेच्या लांब भिंतीला लागून आहे, व तेथे तार लागत नाही, असे समजू. नियम पाठ केलेला विद्यार्थी २० मीटर बाजूचा चौरस काढून ४०० लिहील. प्रत्यक्षात भिंतीला काटकोनात १५-१५ मीटर व समांतर ३० मीटर तार घेतली, तर ४५० चौरस मीटर जागा मिळते. मर्यादा बदलली, तसे उत्तरही बदलले.

शिक्षकांसाठी

वर्गात प्रत्येक उदाहरणापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : येथे मर्यादा कोणती? उरलेल्यांना कमीत कमी किती लागेल? आणि मिळालेले उत्तर आणखी वाढविता येते का? पेटी एकाने वाढविली की वजन मर्यादेबाहेर जाते. ९० चे ९१ केले, तर इतर चार संख्यांसाठी ९ च उरतात आणि त्यांना १० हवे असतात. बागेची रुंदी १४ किंवा १६ मीटर घेऊन पाहिली, तर दोन्ही वेळा क्षेत्रफळ ४४८ च भरते. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती विद्यार्थी स्वतः करू शकतो.

पंचायत सदस्यांनाही हे गणित परके नाही. ठरलेल्या निधीत जास्तीत जास्त घरांना नळजोडणी द्यावयाची असली, की हेच तीन प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहतात. आठवीच्या वर्गात ते विचारावयास शिकलेला विद्यार्थी उद्या ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचताना प्रथम मर्यादेचा आकडा शोधील.